रोझलिंड फ्रँकलिन : सदतीस वर्षांचं काम

लंडनच्या विल्सडन भागातल्या ज्यू दफनभूमीत रोझलिंड एल्सी फ्रँकलिन हिची कबर आहे. ती वैज्ञानिक होती आणि विषाणूंवरचं तिचं संशोधन मानवजातीला कायम उपयोगी पडत राहील, अशा अर्थाचा मजकूर त्या दगडावर कोरलेला आहे. डीएनएचा मात्र त्यात उल्लेख नाही. आज जगभर ज्या कामासाठी तिचं नाव घेतलं जातं, ते काम १९५८ साली तिच्या नावाशी फारसं कुणी जोडत नव्हतं.

आपण शाळेत होतो तेव्हा डीएनए म्हटलं की वॉटसन आणि क्रिक ही जोडी पाठ असायची. पीळ दिलेली शिडी वहीत काढायची, पायऱ्यांवर चार अक्षरं लिहायची आणि चार मार्क खिशात टाकायचे. रोझलिंडचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंग संपून नोकरीला लागल्यावर. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आले. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी विज्ञानाशी संबंधित काहीतरी लिहायला सांगितलं, तेव्हा दुसरं नाव डोक्यात आलंच नाही.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये झाला. घराणं सधन, बँकिंग व्यवसायातलं, ज्यू. पाच भावंडांत ती दुसरी. वडील एलिस फ्रँकलिन बँकेचं काम सांभाळून संध्याकाळी कामगारांच्या महाविद्यालयात शिकवायला जात. नाझींच्या तावडीतून निसटून आलेल्या ज्यू मुलांना या कुटुंबाने आपल्या घरात आसरा दिला होता. पैसा होता, पण ऐदीपणाला घरात जागा नव्हती.

तिचं भाग्य उघडलं ते शाळेमुळे. लंडनची सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नीट शिकवणाऱ्या त्या काळातल्या मोजक्या शाळांपैकी एक होती. तिथल्या प्रयोगशाळेतच या मुलीने वैज्ञानिक व्हायचं ठरवलं. १९३८ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली आणि १९४१ साली परीक्षा उत्तीर्ण झाली. पण केंब्रिजमध्ये तेव्हा मुलींनी परीक्षा दिली तरी त्यांना मुलांसारखी पूर्ण पदवी मिळत नसे. तो नियम बदलायला १९४८ साल उजाडावं लागलं.

विद्यार्थिदशेतच तिने वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. मुलगी विज्ञानालाच धर्म मानायला लागली आहे, अशी काळजी वडिलांना वाटत होती. विज्ञान आणि रोजचं जगणं वेगळं काढता येत नाही, असं तिने त्यांना समजावून सांगितलं. हे मत तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

महायुद्ध सुरू होतं. १९४२ साली ती कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाली. ब्रिटनमधले कारखाने, रेल्वे, घरातल्या शेगड्या, सगळं कोळशावर चालत होतं. दिसायला एकसारखे असणारे कोळसे वायूला आत घेताना वेगळे का वागतात, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. हेलियम आणि इतर वायू-द्रव वापरून तिने कोळशाच्या आतली सूक्ष्म छिद्रं मोजली. ही छिद्रं रेणूंच्या चाळणीसारखी काम करतात, लहान रेणू आत जातात आणि मोठे बाहेर अडतात, हे तिने दाखवलं. याच कामावर १९४५ साली तिला केंब्रिजची पीएचडी मिळाली. त्या वर्षांत ती हवाई हल्ल्यांच्या इशाऱ्यांमध्ये सायकलवरून कामाला जात असे आणि स्वयंसेवक म्हणून हल्ल्यांच्या वेळी पहाराही देत असे.

१९४७ साली ती पॅरिसच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत गेली. तिथे झाक मेरिंग यांच्याकडे ती क्ष-किरण विवर्तनाचं तंत्र शिकली. हे तंत्र समजायला एक घरगुती प्रयोग करून बघा. रात्री छत्री उघडून तिच्या कापडातून लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याऐवजी फुलीच्या आकारात मांडलेले अनेक ठिपके दिसतील. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्याला दिसत नाहीत, पण ठिपक्यांच्या मांडणीवरून त्यांच्यातलं अंतर काढता येतं. क्ष-किरणांनी हेच अणूंच्या बाबतीत करता येतं. मात्र ठिपक्यांवरून मूळ रचनेपर्यंत पोहोचायला गणित लागतं, आणि ते बरंच लागतं.

पॅरिसमध्ये तिने कार्बनचे दोन प्रकार वेगळे केले. काही कार्बन भरपूर तापवले की त्यांचं ग्रॅफाइट होतं, तर काही ३००० अंशांपर्यंत तापवले तरी होत नाही. असं का, हे तिने त्यांच्या आतल्या थरांच्या मांडणीवरून सांगितलं. आज सोडियम-आयन बॅटरीत वापरतात तो हार्ड कार्बन या दुसऱ्या प्रकारातला आहे. म्हणजे डीएनएला हात लावण्याआधीच, वयाच्या तिशीत, तिचं नाव आपल्या क्षेत्रात झालेलं होतं. पॅरिसची ही चार वर्षं तिच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची मानली जातात. फ्रेंच ती अस्खलित बोलायची, मित्रमैत्रिणींना रांधून घालायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला निघायची.

जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली, आणि इथूनच गुंता सुरू झाला. विभागप्रमुख जॉन रँडल यांनी तिला आधी प्रथिनांवरच्या कामासाठी घेतलं होतं. येण्याआधी महिनाभर त्यांनी पत्र पाठवून विषय बदलला. डीएनएचं क्ष-किरणांचं काम तिने आणि रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने करायचं, असं त्यात होतं. त्याच विभागात मॉरिस विल्किन्स हे काम आधीपासून करत होते आणि गॉस्लिंग त्यांच्याबरोबरच काम करत होता. या पत्राची विल्किन्सना कल्पनाच नव्हती. त्यांना वाटलं, आपल्या हाताखाली एक तज्ज्ञ येते आहे. तिला वाटलं, हा विषय स्वतंत्रपणे आपल्याकडे सोपवला आहे. कुठल्याही कंपनीत काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. जबाबदारी कुणाची हे वरच्याने स्पष्ट केलं नाही की खालची दोन चांगली माणसं एकमेकांशी भांडत बसतात. ती वादात तडफदार होती, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन मुद्दा लढवायची. विल्किन्स मितभाषी, संकोची. दोघांचं जमलं नाही ते नाहीच.

काम मात्र अफाट झालं. विल्किन्सना स्विस शास्त्रज्ञ रुडॉल्फ सिग्नर यांच्याकडून अतिशय शुद्ध डीएनए मिळालं होतं. त्याचे केसाहून बारीक धागे ओढून तिने कॅमेऱ्यात बसवले आणि कॅमेऱ्यातल्या हवेची आर्द्रता काटेकोरपणे सांभाळायची युक्ती केली. तेव्हा लक्षात आलं की डीएनएची रूपं दोन आहेत. हवा थोडी कोरडी, सुमारे ७५ टक्के आर्द्रतेची असेल तर आखूड, स्फटिकासारखं ‘ए’ रूप. ओलावा ९० टक्क्यांच्या वर गेला की धागा पाणी पिऊन लांब होतो आणि ‘बी’ रूप मिळतं. आधीच्या चित्रांमध्ये ही दोन्ही रूपं एकमेकांत मिसळलेली होती, म्हणून ती धूसर यायची. पाणी इतक्या सहज आत-बाहेर करतं, त्या अर्थी पाण्याला ओढणारे फॉस्फेटचे गट रेणूच्या बाहेरच्या बाजूला असणार, हेही तिने १९५१च्या नोव्हेंबरमधल्या व्याख्यानात मांडलं.

त्या व्याख्यानाला केंब्रिजहून जेम्स वॉटसन हा तरुण अमेरिकन आला होता. त्याने टिपणं घेतली नाहीत आणि पाण्याचं प्रमाण चुकीचं लक्षात ठेवलं. त्याने आणि फ्रान्सिस क्रिकने लगोलग तीन साखळ्यांचं, फॉस्फेट आत असलेलं मॉडेल उभं केलं. किंग्जची मंडळी ते बघायला गेली, तेव्हा रोझलिंडने ते का टिकणार नाही हे क्षणात सांगितलं. केंब्रिजचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या दोघांना डीएनएचा नाद सोडायला सांगितलं.

मे १९५२ मध्ये रोझलिंडच्या मार्गदर्शनाखाली गॉस्लिंगने ‘बी’ रूपाचं एक चित्र घेतलं. हाच तो फोटो ५१. फिल्मवर साठहून जास्त तास क्ष-किरण पडत राहिले तेव्हा तो मिळाला. मध्यभागी ठळक फुली, वर-खाली जाड काळे पट्टे. फुली म्हणजे रेणूला मळसूत्रासारखा पीळ आहे. फुलीवरच्या ठिपक्यांच्या अंतरावरून एका पूर्ण वेढ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम निघते, आणि टोकाच्या पट्ट्यांवरून दोन पायऱ्यांमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. म्हणजे एका वेढ्यात दहा पायऱ्या. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

असं चित्र हाती असताना ती थांबली का, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. उत्तर तिच्या शिस्तीत आहे. ‘ए’ रूपाची चित्रं जास्त तपशील देत होती, म्हणून आधी त्यांचं गणित पूर्ण करायचं असं तिने ठरवलं. संगणक हाताशी नव्हता. छापील आकड्यांच्या शेकडो कागदी पट्ट्या पेटीतून काढायच्या, ओळीने मांडायच्या, बेरजा करायच्या आणि पुन्हा पेटीत ठेवायच्या. आज माझ्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होणारी आकडेमोड ती दोघं महिनोन्महिने करत होती. त्यात ती काही काळ भरकटलीही. ‘ए’ रूपाला पीळ नसावा असं तिला वाटू लागलं आणि जुलै १९५२ मध्ये तिने गमतीने पिळाच्या निधनाची सूचना काढून वाटली.

पुढचा घटनाक्रम तारखांसह बघण्यासारखा आहे. आमच्या कामात काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो. कुणी काय केलं यावर वाद घालण्यापेक्षा कधी काय झालं हे पाहिलं की बरंच स्पष्ट होतं.

१९५२ संपताना रोझलिंडने किंग्ज सोडायचं ठरवलं होतं, त्यामुळे फोटो ५१ गॉस्लिंगमार्फत विल्किन्सकडे गेला होता. ३० जानेवारी १९५३ रोजी विल्किन्सनी तो वॉटसनला दाखवला. तिला न विचारता. फेब्रुवारीत मॅक्स पेरुट्झ यांनी किंग्जच्या विभागाचा अहवाल क्रिककडे दिला. तो गुप्त नव्हता, पण छापलेलाही नव्हता. त्यात रोझलिंडची मोजमापं होती आणि ‘ए’ रूपाच्या स्फटिकाची सममिती होती. क्रिक त्याच सममितीच्या हिमोग्लोबिनवर काम करत असल्याने त्याला लगेच उमगलं की साखळ्या दोन आहेत आणि त्या उलटसुलट दिशांनी धावतात. २४ फेब्रुवारीला रोझलिंडच्या वहीत दोन्ही रूपं दोन साखळ्यांच्या पिळाची असल्याची नोंद आहे. २८ फेब्रुवारीला वॉटसनला पायऱ्यांचं कोडं सुटलं: ए समोर टी, जी समोर सी. १७ मार्च ही तारीख असलेला ‘बी’ रूपावरच्या रोझलिंडच्या लेखाचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. केंब्रिजचं मॉडेल न बघता लिहिलेला. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तीन लेख ओळीने छापले गेले: वॉटसन-क्रिकचा, विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा आणि शेवटी फ्रँकलिन-गॉस्लिंगचा. वाचणाऱ्याला वाटावं, केंब्रिजच्या कल्पनेला लंडनने नंतर पुरावा दिला. प्रत्यक्षात पुरावा आधी होता.

हे सांगताना वॉटसन-क्रिकचं श्रेय कमी करायचं नाही. जोड्यांची कल्पना त्यांचीच होती, आणि तिच्यातच डीएनएचं कार्य दडलेलं होतं. साखळ्या सुट्या झाल्या की प्रत्येकीवरून दुसरी तयार करता येते, म्हणजे आनुवंशिक माहितीची नक्कल कशी होते हे रचनेतूनच दिसतं. रोझलिंड तिथून दोनच पावलं मागे होती, हे आरॉन क्लूगने पुढे तिच्या वह्या अभ्यासून दाखवलं. पण तिची मोजमापं नसती तर त्या दोघांना मॉडेल पडताळायला आधारच नव्हता. हे त्यांनी तेव्हाच, त्याच लेखात, तिच्या नावाने आणि आकड्यांनिशी लिहायला हवं होतं. माझी तक्रार एवढीच आहे.

मार्च १९५३ मध्ये ती बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेली. डीएनएचा विचारही सोडून दे, असं रँडल यांनी तिला पत्राने बजावलं. गॉस्लिंगचा प्रबंध अर्धवट होता, तो मात्र तिने गुपचूप पूर्ण करून घेतला. नवी प्रयोगशाळा म्हणजे जुनं घर. तिची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर आणि क्ष-किरणांची यंत्रं तळघरात. दिवसभर जिने चढा-उतरा.

तिथे तिने तंबाखूच्या पानांवर डाग पाडणारा विषाणू घेतला. १९५४ पासून आरॉन क्लूग सोबतीला होता, पुढे केनेथ होम्स आणि जॉन फिंच आले. हा विषाणू म्हणजे मक्याच्या कणसासारखी दांडी. प्रथिनांचे दाणे पिळाने रचलेले, तीन वेढ्यांत ४९ दाणे आणि मधोमध पोकळी. वारसा वाहणारा आरएनए त्या पोकळीत असेल असा समज होता. तिने दाखवलं की तो प्रथिनांच्या आतच, मध्यापासून सुमारे ४० अँगस्ट्रॉमवर, एकेरी धाग्याने रुतलेला आहे. डीएनएमध्ये फॉस्फेट बाहेर, इथे आरएनए कवचात झाकलेला. वारशाचा रेणू कुठे कसा ठेवलेला असतो आणि त्याचं संरक्षण कसं होतं, हा तिच्या प्रश्नाचा पुढचा भाग इथे सुटत होता.

१९५६च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पोट फुगल्यामुळे तिला स्कर्टची चेन लावता येईना. दुखायचंही. वेदनाशामक गोळ्या घेऊन तिने दौरा पूर्ण केला. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा अंडाशयाचा कर्करोग निघाला. नंतरच्या विश्रांतीचे काही दिवस तिने क्रिक दांपत्याच्या घरी काढले. हो, त्याच क्रिकच्या. मनात अढी ठेवून जगणारी ती नव्हती. उपचार सुरू असताना तिने निधीसाठी झगडून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून अनुदान मिळवलं आणि पोलिओच्या विषाणूवर काम सुरू केलं. १९५६ मध्ये तिच्या गटाचे सात लेख आले आणि १९५७ मध्ये सहा.

ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिने विषाणूचं पाच फूट उंचीचं मॉडेल करून दिलं. त्यात टेबल टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या हँडलच्या मुठी वापरल्या होत्या. १६ एप्रिल १९५८ रोजी ती गेली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडलं. मृत्युपत्रात तिने क्लूगसाठी ३००० पौंड आणि आपली गाडी ठेवली होती.

१९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. मृत व्यक्तीला नामांकन देत नाहीत, त्यामुळे तिचा प्रश्नच उद्भवला नाही. १९६८ साली वॉटसनने आपल्या पुस्तकात तिला तिने कधीच न वापरलेल्या लाडक्या नावाने, चिडखोर आणि नीटनेटकी न राहणारी बाई म्हणून रंगवलं. १९७५ साली तिची मैत्रीण अ‍ॅन सेयर हिने पुस्तक लिहून त्याला उत्तर दिलं. १९८२ साली क्लूगला नोबेल मिळालं, ते ज्या वाटेवरच्या कामासाठी, ती वाट त्याला रोझलिंडने दाखवली होती.

आज तिच्याकडे फक्त अन्याय झालेली स्त्री म्हणून बघितलं जातं. तेही मला अपुरं वाटतं. कोळसा, कार्बन, डीएनए, विषाणू, या चारही विषयांत तिने टिकाऊ काम केलं, आणि त्यातल्या तिन्हींमध्ये फोटो ५१ कुठेच नाही.

आपली बॅच आता चाळिशी ओलांडून पुढे आली आहे. तिला अडतिसावा वाढदिवसही बघायला मिळाला नाही. म्हणून मैत्रिणींना एक सांगते. पोट फुगणं, सारखं दुखणं याकडे ‘दगदग झाली असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नका, वेळेवर तपासून घ्या. आणि आपल्यापैकी जे आज कुणाच्या वर बसले आहेत, त्यांनी कुठलं काम कुणाचं आहे हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावं, आणि अहवालात ज्याचं त्याचं नाव घालावं. याला पैसे पडत नाहीत.

राहिली शाळा. एका मुलीला शाळेत खरी प्रयोगशाळा मिळाली, त्यातून एवढं सगळं उभं राहिलं. यंदाच्या मेळाव्यात निधी कशावर खर्च करायचा याची चर्चा होईलच. माझं मत प्रयोगशाळेला. नवीन बाकं, चालू नळ, आणि कपाटाला कुलूप न लावता मुलामुलींच्या हातात दिलेली उपकरणं. आपले विज्ञानाचे सर आणि बाई याला नाही म्हणणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.